आलं का?

मुहर्रकच्या आमच्या गल्लीत पाऊस वर्षाचे तीन दिवस,
म्हणून बू राशिद म्हणाले, तीन दिवस पलंग सरकव.
घर त्यांच्या वडिलांच्या वेळचं,
आणि गळती, त्यांच्या मते, भाड्यात धरलेली.

फरशीवर पलंग ओढल्याचे जुने ओरखडे होते,
एकमेकांना छेदून गेलेले.
म्हणजे हे सगळ्यांनाच सांगून झालं होतं.

जानेवारीत थेंब पडला तो नेमका उशाशी, चार्जरवर.
रात्रभर क्लिनिकमध्ये दुसऱ्यांचं रक्त तपासून आलेली मी
सकाळी सात वाजता
मांडीत बादली घेऊन छताकडे बघत बसले.

चंदलचे वासे, वर बांबूच्या चिपा, वर चटई, वर माती,
आणि मातीवर कुणीकुणी
आपापल्या काळात ओतलेलं सिमेंट.
नावं निराळी, पण मी ओळखलं.
परंड्याला आमचं माळवद असंच.
तुळई, किलच्या, पाला, माती,
आणि वैशाखात वडील पांढरी माती पसरून धुमसत बसायचे,
अंगभर पांढरे.

शुक्रवारी नमाज उरकून रज्जाक हमदुले आला, दापोलीचा.
त्यानं डागाकडे पाहिलंसुद्धा नाही.
“इथं पडलं म्हणजे इथपर्यंत चालून दमलं.
निघालं कुठून, ते बघाया हवं.”

गुडघे माझे बरे म्हणून वर मी,
टॉर्च घेऊन खाली तो.
गच्चीवर खडूचे चौकोन.
एकेक भिजवायचा, दहा मिनिटं थांबायचं.
“आलं का?”
“नाय ओ.”
पुढचा चौकोन.
“आलं का?”
“नाय अजून.”

दुपारभर एका माणसाशी छतातून एवढंच बोलणं.
घरी फोनवर तरी याहून वेगळं काय बोलतो आपण?
पैसे आले का. पत्र आलं का. औषध आलं का.
नाही अजून. बरं, उद्या बघ.

अकरावा चौकोन पार जिन्याकडचा,
माझ्या पलंगापासून चौदा फूट.
तिथं अँटेनाचा कापलेला खुंट, गंजून वाटाण्यासारखा सोललेला.
मी तांब्या ओतला. विचारायचं विसरले.
बऱ्याच वेळानं खालून शब्द नाही, नुसता
“हां!”

पाणी खुंटाशी शिरून
एक वासा धरून, एकाच वाशावरून,
न चुकता माझ्या उशापर्यंत यायचं.
इतकी वर्षं.

बू राशिद चहा घेऊन वर आले, खुंट बघून थांबले.
“हा मी लावलेला. हवा दमट असली
की समुद्रापलीकडचं चॅनल लागायचं. सिनेमा, रात्री दहाला.
गल्लीतली सगळी पोरं इथं.”
मग पलंगाचं काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी मसाल्याची गोणी त्यांनीच आणली,
पैसे विचारले तर कानावर हात.

रज्जाकनं खुंट उपटला नाही. “माती ढासळंल.”
भोवती छिन्नीनं खाच घेतली, झाडली, फुंकली,
पोराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तशी.
भरली, जाळी दाबली, दोन हात दिले,
आणि खुंटाला गळ्याशी घट्ट कॉलर.

पण पाऊस आता पुढच्या हिवाळ्यात.
तोवर कळणार कसं?
“कळंल की,” म्हणाला, आणि पन्हळीत
माझी जुनी ओढणी कोंबून
गच्चीवर बोटभर पाणी सोडलं. “रात्रभर ऱ्हाऊ दे.”

त्या रात्री मी तळ्याखाली झोपले.
झोपले म्हणजे पडून राहिले.
वर एवढं पाणी, त्यात अर्धवट चंद्र असणार,
आणि मधे चिपा, माती, एका माणसाचा शब्द.
तीनला एकदा स्वतःलाच विचारलं, आलं का?

पहाटे वर गेले तर कडेला पारवे
रांगेत पाणी पीत होते, घाई नसल्यासारखे.
ओढणी ओढली. पन्हळीतून धार गल्लीत पडली,
आणि खालून कुणीतरी मल्याळममध्ये शिवी दिली.

पलंग जागेवर आणला.
बादली उशाशीच आहे अजून,
कपडे भिजवायला.